सांधा कुठाय? मॅग्लेव्ह, बुलेट ट्रेन आणि मामाची वही

माझा मामा ३४ वर्षं रेल्वेत रुळांवर होता. म्हणजे ड्रायव्हर नाही, गार्ड नाही, रूळ. उन्हाळ्यात रूळ फुगून वाकतोय का, पावसात खडी खालून वाहून गेलीय का, सांध्याची, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेची, सरकणारी टंग रेल नीट चिकटून बसतेय का, हे बघत त्याने आयुष्यभर पायी किलोमीटर काढले. रिटायर झाल्यावर सगळ्यांनी विचारलं आता काय, तर म्हणाला जगातली सगळ्यात वेगवान गाडी रुळावर चालतच नाही म्हणतात, मग ती चालते कशावर ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. मी म्हणलं चल. पैसे साठवायला दोन वर्षं गेली, पण २०१९ च्या एप्रिलमध्ये आम्ही मामा-भाची निघालो. शांघायला उतरायचं, मॅग्लेव्हने, म्हणजे चुंबकाच्या जोरावर तरंगत जाणाऱ्या गाडीने, शहरात यायचं, मग चीनच्या हायस्पीड गाडीने बीजिंग, तिथून विमानाने ओसाका, मग जपानच्या बुलेट ट्रेनने, शिंकान्सेनने, नागोया आणि टोकियो, आणि शेवटी यामानाशीच्या डोंगरात जपानी लोक ताशी ५०० किमीच्या वेगाने मॅग्लेव्ह पळवून बघतात ती बघायची, असा सगळा बेत.

पुदोंग विमानतळावर मॅग्लेव्हचं स्टेशन शोधायला काही त्रास पडला नाही, सगळीकडे पाट्या आहेत. तिकीट ५० युआन, त्याच दिवसाचं विमानाचं तिकीट दाखवलं की ४०. एक गोष्ट आधी वाचून गेले होते ते बरं झालं, की गाडी दिवसभर ४३१ ने धावायची नाही, काही ठराविक वेळांनाच धावायची आणि बाकीच्या फेऱ्या ३०० च्या. आम्ही सकाळी उतरलो होतो, मुद्दाम थांबून ४३१ वाली फेरी पकडली.

मामा प्लॅटफॉर्मवर आला आणि गाडीचं तोंड, रंग, सीट काही न बघता सरळ कठड्यावरून वाकून खाली बघायला लागला. खाली रूळ नाही. काँक्रीटची एक जाडजूड तुळई, आणि गाडीने ती दोन्ही बाजूंनी कवेत घेतलेली, म्हणजे गाडीचा खालचा भाग तुळईच्या काठाखालून आत वळलेला. तिथेच खरी गंमत आहे. लोकांना वाटतं चुंबक गाडीला खालून वर ढकलतो, तर या जर्मन पद्धतीत, ट्रान्सरॅपिडमध्ये, उलटं आहे. गाडीचे विद्युतचुंबक तुळईच्या काठाच्या खाली असतात आणि ते वर तुळईकडे ओढले जातात, आणि त्या ओढीने गाडी उचलली जाते. मधली फट फक्त १० मिलिमीटरच्या आसपास. ओढ थोडी जास्त झाली तर चिकटेल, कमी झाली तर खाली बसेल, म्हणून ती फट सेकंदाला हजारो वेळा मोजतात आणि करंट कमी-जास्त करतात. गाडी उभी असतानाही तरंगू शकते. आणि मोटर गाडीत नाही, मोटर म्हणजे तुळईच्या खाली लांबच लांब घातलेली वायंडिंग, तारांची गुंडाळी, आणि गाडी जिथे असेल तेवढ्याच तुकड्याला वीज देतात. मी हे सगळं मामाला सांगितलं, तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, "म्हणजे इंजिन रस्त्यातच पुरलंय. ३० किलोमीटर लांबीचं इंजिन."

हे वाक्य लक्षात ठेवा, पैशाचं गणित पुढे यातूनच निघतं.

गाडी सुटली. मामाजवळ खाकी पुठ्ठ्याची एक वही होती, नोकरीतली सवय. तो म्हणाला गाडी कशी चालते हे कळायला मशीन लागत नाही, मांडीवर वही ठेवून एक ओळ लिहायची आणि अक्षर बघायचं, रूळ खराब असला की अक्षर सांगतं. दाराच्या वरच्या पडद्यावर वेग दिसत होता, दोन-सव्वादोन मिनिटांत ३०० पार, आणि तरीही पाठ सीटला दाबलेलीच, आकडा चढतोच आहे, ३५०, ४००, ४२०. डब्यातले सगळे फोन वर काढून त्या पडद्याचा फोटो घ्यायला उभे. ४३१ झालं तेव्हा मामा मान खाली घालून लिहीत होता. ती ओळ मी नंतर पाहिली, "४३१. हात हलतोय." आणि खरंच अक्षरं काटेरी झालेली, "ह" ची शेपटी दोन ओळी खाली गेलेली. मला वाटलं होतं हवेत तरंगणारी गाडी म्हणजे लोण्यासारखी चालेल, पण तसं नाहीये, एक सतत बारीक थरथर आहे, घरघर आहे, वाऱ्याचा आवाज आहे. वाईट नाही, पण तरंगतोय असं अजिबात वाटत नाही. मधेच समोरून दुसरी गाडी गेली. ती दिसली असं म्हणता येणार नाही, फक्त ढप्प असा आवाज आणि सगळा डबा एकदा बाजूला ढकलल्यासारखा झाला, कारण दोघींचा मिळून वेग ८०० च्या वर. एका मुलाच्या हातातला फोन खाली पडला.

आणि मग लगेच वेग उतरायला लागला. ४३१ हा आकडा मिनिटभरही टिकला नाही, कारण सगळा मार्गच ३० किमीचा आहे, अर्धा वेळ वेग घेण्यात आणि अर्धा सोडण्यात. ७ मिनिटं २० सेकंदात लाँगयांग रोड स्टेशन. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, खरं सांगते. माणसाने असं काही बनवलंय आणि त्यात मी माझ्या मामाला घेऊन बसलेय, हेच खूप होतं.

स्टेशनात शिरताना मामाने खिडकीतून काहीतरी पाहिलं आणि उतरल्या उतरल्या विचारलं, "अगं पण सांधा कुठाय?" मला आधी कळलंच नाही. म्हणाला दोन मार्ग आहेत, गाडी एकावरून दुसऱ्यावर जातच असणार, मग ती तुळईला मिठी मारून बसलीय तर तुळई सोडून जाते कशी. त्याने जे पाहिलं होतं तो सांधाच होता, फक्त ओळखू येत नव्हता. रेल्वेच्या सांध्यात काय, दोन टंग रेल हाताच्या वितीएवढ्या इकडून तिकडे सरकतात आणि गाडी वळते. इथे अख्खी पोलादी तुळईच वाकवतात. ७०-८० मीटर, काही ठिकाणी त्याहून कितीतरी लांब अशी एकसलग तुळई, मोटरींनी हळूहळू कमानीसारखी वाकवून दुसऱ्या मार्गाला जोडतात. मामा ते ऐकून इतका खूष झाला की विचारू नका, पोलाद वाकवायचं आणि परत सरळ करायचं, रोज, आणि तरी मापात राहायला पाहिजे, हे काय काम आहे हे त्याला माहीत होतं. पण पुढचं वाक्य त्याचं असं होतं, "मग अशा गाडीला फाटे कसे फुटणार?"

ते वाक्य उरलेला सगळा प्रवासभर आमच्याबरोबर होतं.

कारण लाँगयांग रोड हे काही शहराचं मध्य नाही. तिथे उतरून बॅगा घेऊन मेट्रोच्या २ नंबर लाइनमध्ये बसायचं, आणि आम्हाला जायचं होतं शहराच्या दुसऱ्या टोकाला होंगछियाओ रेल्वे स्टेशनजवळ, तर तिथे पोचायला पाऊण तासाच्या वर लागला. ३० किमीला सात मिनिटं आणि उरलेल्या शहराला पाऊण तास. ही लाइन पुढे होंगछियाओपर्यंत आणि हांगझौपर्यंत न्यायची असा बेत होता, पण घरांजवळून जाणार म्हणून लोकांनी २००८ मध्ये विरोध केला, आणि तोवर साध्या हायस्पीड रेल्वेने हांगझौ जोडलं गेलं, मग मॅग्लेव्हची गरजच उरली नाही. ज्या जर्मनीने हे तंत्र बनवलं तिथेही म्युनिकच्या विमानतळाला मॅग्लेव्ह करणार होते, खर्चाचा अंदाज १.८५ अब्ज युरोवरून ३.४ अब्जावर गेला आणि मार्च २००८ मध्ये ते रद्द झालं. ३१ डिसेंबर २००२ ला शांघायची पहिली गाडी धावली तेव्हा चीनचे पंतप्रधान झू रोंगजी आणि जर्मनीचे चॅन्सेलर श्रोडर दोघं तिच्यात बसले होते, सगळ्यांना वाटलं असणार आता हे जगभर होणार. झालं नाही.

दुसऱ्या दिवशी होंगछियाओ. हे स्टेशन बघून मामा हॉलमध्ये मधोमध उभाच राहिला. ३० लाइनी. वरच्या बोर्डावर गाड्यांची यादी संपतच नाही, एकाच बोर्डावर बीजिंग, वुहान, ग्वांगझौ, शिआन, मिनिटामिनिटाला एक. आमचे पासपोर्ट असल्यामुळे ऑटोमॅटिक गेटमधून न जाता बाजूच्या खिडकीवर जाऊन माणसाला दाखवावे लागले, तिथे थोडी रांग लागली, बाकी सुरळीत. मामा म्हणाला हे बघ, एवढ्या सगळ्या गावांना इथून गाडी जाते आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा रस्ता नाही, बाहेर पडल्यावर सांध्यांवर वाटण्या होतात.

फुशिंग गाडी. शांघाय ते बीजिंग १३१८ किमी, लाइन ३० जून २०११ ला सुरू झाली, आणि सप्टेंबर २०१७ पासून ३५० च्या वेगाने. आमच्या गाडीला साडेचार तासांच्या आसपास लागले, सगळ्यात वेगवान गाडी ४ तास १८ मिनिटांत जायची. आता मी इथे थोडं सविस्तर सांगते कारण माझं मत इथे बदललं.

३५० झालं तेव्हा काहीच झालं नाही. म्हणजे पडद्यावर ३५० लिहून आलं म्हणून कळलं. खटखट नाही, कारण रूळ वेल्डिंग करून सलग केलेला आहे, जोडच नाही, आणि खाली खडी नाही, काँक्रीटच्या स्लॅबवर बसवलेला रूळ. मामाने वही काढली, लिहिलं, "३५०. अक्षर माझं टेबलावर बसून येतं तसं." आणि वही माझ्याकडे दिली, बोट ठेवून दाखवलं, बघ एकही रेघ तुटली नाही. चाक लोखंडाचं, रूळ लोखंडाचा, स्पर्श होतोय, तरी ४३१ च्या तरंगणाऱ्या गाडीपेक्षा इथे शांत होतं. मामाचं म्हणणं, यात जादू काही नाही, रूळ मिलिमीटरच्या मापात ठेवलाय आणि रोज रात्री गाड्या बंद करून कोणीतरी तो तपासतोय. तो "कोणीतरी" म्हणताना त्याचा आवाज जरा बदलला. त्याच्याच कामाचा माणूस तो.

शांघाय सोडून थोड्या वेळाने लक्षात आलं की आपण जमिनीवर नाहीच आहोत, पुलावर आहोत, आणि पूल संपत नाहीये. दानयांग-कुनशान पूल, १६४.८ किमी, जगातला सगळ्यात लांब. ३५० ने जाऊनसुद्धा जवळजवळ अर्धा तास पुलावरच. खाली भातखाचरं, कालवे, तळी, सगळी मऊ माती, त्यात भराव टाकला तर खचणार, म्हणून खांब खोल नेऊन वर पूल केला. म्हणजे मॅग्लेव्ह महाग कारण ती उंचावर बांधावी लागते असं जे म्हणतात ते अर्धंच खरं आहे, इथे साधी हायस्पीडही उंचावरच आहे. फरक पडतो तो मामाच्या त्या वाक्यात, इंजिन रस्त्यात पुरलंय. रेल्वेत मोटर गाडीत असते, गाड्या वाढवल्या तर मोटरी वाढतात. मॅग्लेव्हमध्ये पहिल्या गाडीच्या आधीच सगळ्या मार्गाला मोटर लावून ठेवावी लागते, मग दिवसाला चार गाड्या धावोत की चारशे. शांघायच्या ३० किमीला साधारण १० अब्ज युआन लागले, तेव्हाच्या हिशोबाने किलोमीटरला ४ कोटी डॉलर. वर्ल्ड बँकेने २०१९ मध्ये चीनच्या हायस्पीड लाइनींचा अभ्यास केला त्यात किलोमीटरला १.७ ते २.१ कोटी डॉलर असा सरासरी खर्च दिलाय. वर्षं वेगळी, जागा वेगळ्या, तंतोतंत तुलना नाही होणार, पण दुपटीचा अंदाज येतो.

नानजिंगला यांगत्से नदी ओलांडली त्या दाशेंगग्वान पुलावर मामाने मला हलवून जागं केलं, मी डुलकी काढत होते. सहा लाइनी आहेत त्या एका पुलावर. दोन आमच्या, दोन वुहान-चेंगदूकडे जाणाऱ्या लाइनीच्या, आणि कडेला दोन नानजिंग मेट्रोच्या. एवढी मोठी नदी, एकदा पूल बांधला आणि तीन वेगवेगळ्या वेगांच्या गाड्या त्यावरून जातायत. मामा म्हणाला हे बघ, पूल एकाने बांधला, वापरतायत सगळे.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण खरं तर फ्रान्स. १९८१ मध्ये पॅरिस-लियाँ टीजीव्ही, त्यांची हायस्पीड गाडी, सुरू झाली तेव्हा नवी लाइन फक्त शहरांच्या बाहेर बांधली, शहरात शिरताना गाडी जुन्या रुळांवरून जुन्याच स्टेशनात आली, शहराच्या मधोमध जमीन घ्यायची, घरं पाडायची वेळ आली नाही. आजही नीसला जाणारी टीजीव्ही मार्सेच्या जवळ हायस्पीड लाइन सोडते आणि जुन्या लाइनीने समुद्राच्या कडेकडेने जाते, बसलेल्या माणसाला उतरावं लागत नाही. त्यांच्या नव्या लाइनींवरचे मोठे सांधे असे लांब असतात की गाडी २२० च्या वेगाने फाट्यावर वळते. मॅग्लेव्ह जिथे तुळई संपते तिथे संपते. पुढच्या गावाला जायचंय तर उतरा.

बीजिंगला जाताना मी मनात हिशोब करत होते, या मार्गावर ५०० ची मॅग्लेव्ह असती तर काय. सरासरी ४५० धरा, तीन तास. म्हणजे दीड तास वाचला. दीड तास काही कमी नाही. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ३५० वरून ५०० ला गेलं की तो दुप्पट होतो, आणि तेव्हा चाक आहे की चुंबक आहे याला फारसा अर्थ राहत नाही, ऊर्जा सगळी हवा कापण्यात जाते. आवाजही त्या हवेचाच. चाकाच्या घर्षणाने गाडी अडते हा माझा शाळेपासूनचा समज होता, तो इथे गेला.

आणि चाकाने वेग गाठता येत नाही असंही नाही. ३ एप्रिल २००७ ला फ्रान्समध्ये टीजीव्हीने ५७४.८ गाठले. त्याआधी २००३ मध्ये जपानच्या मॅग्लेव्हने ५८१ गाठले होते. फक्त सहा किलोमीटरचा फरक! पण त्या टीजीव्हीला मोठी चाकं लावली होती, वरच्या वायरमधला व्होल्टेज २५ हजारांवरून ३१ हजारांवर नेला होता, वायर जास्त ताणली होती, कारण पँटोग्राफ, म्हणजे टपावरचा वीज घेणारा दांडा, वायरीला घासत जातो तेव्हा वायरीत लाट उठते आणि गाडी त्या लाटेच्या वेगाजवळ पोचली की सगळं तुटतं. एका दिवसासाठी जमतं. रोज सकाळी सहापासून दर पाच मिनिटांनी ५७० ने गाडी सोडायची म्हणलं तर रूळ, चाक, वायर सगळंच झिजून जाईल. रोज ५०० पाहिजे असेल तर मॅग्लेव्हच, त्यात दुमत नाही.

सुरक्षेबद्दल आम्ही बोललो ते जेवढं बोलणं झालं तेवढंच सांगते. मॅग्लेव्ह मार्गाला कवेत घेऊन असते म्हणून रुळावरून घसरायचा प्रश्न नाही, पण २२ सप्टेंबर २००६ ला जर्मनीत लाथनच्या चाचणी मार्गावर ती देखभालीच्या गाडीवर आदळली, २३ माणसं गेली. चाकांच्या गाड्यांत १९९८ मध्ये जर्मनीतच एशेडला चाक तुटून १०१ गेली, २०११ मध्ये चीनच्या वेनझौजवळ ४० गेली, ती सिग्नलच्या गोंधळात. लाथनचं ऐकून मामा खूप वेळ बोलला नाही. मार्गावर देखभालीचं वाहन उभं आहे हे विसरून गाडी सोडली, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जपानमध्ये सगळं चित्र बदलतं. आणि इथे माझ्या मतालाही मुरड पडली.

शिन-ओसाकाहून नागोयाला नोझोमी घेतली, शिंकान्सेनमधली सगळ्यात कमी थांबे घेणारी गाडी. तोकायदो शिंकान्सेन, १ ऑक्टोबर १९६४ पासून धावतेय, टोकियो ते शिन-ओसाका ५१५ किमी, आजवर टक्कर होऊन किंवा घसरून एकही प्रवासी गेलेला नाही. १६ डबे, १३२३ सीट, आणि अशी नोझोमी तेव्हा गर्दीच्या वेळी दर सहा-सात मिनिटांनी. ही गाडी २८५ च्या वर जात नाही, उत्तरेकडच्या तोहोकू लाइनीवर त्याच जपानमध्ये ३२० ने जातात, पण इथे वळणं १९६४ च्या हिशोबाची, २५०० मीटर त्रिज्येची, म्हणून गाडी वळणावर जराशी कलते आणि निघते. मामाच्या वहीत, "२८५. वळणावर कलली, अक्षर सरळ."

पण या लाइनीत आता जागाच नाही. गाड्यांच्या मधे गाडी घालता येत नाही. लाइन पन्नाशी ओलांडलेली, भूकंपाचा पट्टा, किनाऱ्याजवळून जाते, काही झालं तर टोकियो-ओसाका तुटेल. म्हणजे दुसरी लाइन कुठल्याही परिस्थितीत बांधावी लागणारच होती. आणि दुसरी बांधायचीच, तर ५०५ ने जाणारी का नको, हा त्यांचा विचार. शिवाय फाट्यांचा मुद्दा जपानला तेवढा लागू होत नाही, कारण दोन रुळांमधलं अंतर, गेज, जुन्या रेल्वेत १०६७ मिलिमीटर आणि शिंकान्सेनमध्ये १४३५, त्या दोघींचं एकमेकींवर जाणं आधीपासूनच नव्हतं, यामागाता आणि आकिताला गाडी न्यायची म्हणून त्यांनी जुन्या लाइनीचा गेज बदलला. फ्रान्स मॅग्लेव्ह करून जेवढं गमावेल तेवढं जपान गमावत नाही. मला वाटतं हे कोणी नीट सांगत नाही, नुसतं वेगावर भांडतात.

नागोयात रेल्वे पार्क म्युझियममध्ये पहिल्या अंधाऱ्या हॉलमध्ये तीन गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. १९५४ मध्ये १२९ ने गेलेलं सी-६२ वाफेचं इंजिन, १९९६ मध्ये ४४३ ने गेलेली चाकांची ३००-एक्स, आणि मॅग्लेव्हची एमएलएक्स-०१. मामा तिसरीजवळ वाकला आणि म्हणाला, "अगं हिला टायर आहेत!" खरंच आहेत, रबराचे. जपानी पद्धत वेगळी आहे. गाडीत नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची सुपरकंडक्टिंग चुंबकं, म्हणजे ज्यांच्या तारेत वीज अजिबात अडत नाही अशी, लिक्विड हीलियमने उणे २६९ डिग्रीला थंड केलेली, मार्ग म्हणजे यू आकाराची पन्हळ आणि तिच्या भिंतींत आठच्या आकड्यासारखी कॉइल. गाडी पुढे सरकली की त्या कॉइलमध्ये वीज तयार होते आणि तीच गाडीला उचलते. पण त्यासाठी आधी वेग पाहिजे, म्हणून साधारण १५० पर्यंत टायरवर धावते आणि मग विमानासारखी उचलते, १० सेंटिमीटर. शांघायच्या फटीच्या दहापट. भूकंपात जमीन हलली तरी लागणार नाही एवढी फट हवी म्हणून हा खटाटोप. सांधा इथेही मामाने विचारलाच. इथे तुळई वाकवत नाहीत, भिंतींसकट मार्गाचे तुकडेच बाजूला सरकवतात.

टोकियोहून एक दिवस ओत्सुकीला गेलो, तासाभराचा प्रवास, तिथून बसने पंधरा-एक मिनिटं, डोंगरात त्सुरूजवळ ४२.८ किमीचा चाचणी मार्ग आहे आणि बाजूला बघायला केंद्र. त्या दिवशी चाचणी होती. गच्चीवर शाळेची मुलं, म्हातारी माणसं, सगळे कठड्याला चिकटून. आधी बोगद्यातून एक घुमणारा आवाज येतो, लांब डोंगरामागे गडगडल्यासारखा, मुलं गप्प होतात, आणि मग पांढरं काहीतरी डावीकडून उजवीकडे जातं. डोळा वळवेपर्यंत दुसऱ्या बोगद्यात. बोर्डावर ५०० चा आकडा. मी फोन धरून उभी होते आणि फोनमध्ये रिकामा मार्ग आला. मामाने फोन काढलाच नव्हता, तो फक्त बघत होता. परत आली तेव्हा त्याने माझा हात धरला होता. २१ एप्रिल २०१५ ला याच मार्गावर माणसं बसवून ६०३ गाठलेत.

हीच मॅग्लेव्ह जपान आता प्रवाशांसाठी बांधतंय ती लाइन टोकियोतल्या शिनागावा ते नागोया, २८६ किमी, ४० मिनिटं, मार्गाचा ८६ टक्के भाग बोगद्यात. म्हणजे खिडकीतून फारसं काही दिसणार नाही. आणि ओसाकापर्यंत लाइन होईपर्यंत पुढे जायचंय त्याने नागोयात जमिनीखालून वर यायचं, नोझोमी पकडायची, अजून ५० मिनिटं. आज थेट गाडी २ तास २२ मिनिटांत नेते. बदलाबदलीचा वेळ धरून पाऊण तास वाचला तर वाचला. हिरोशिमाच्या माणसाला आज उतरावं लागत नाही, उद्या उतरावं लागेल. ओसाकापर्यंत ६७ मिनिटांत थेट जायला लागेल तेव्हाच खरा फरक कळेल.

म्हणून मला विचाराल तर, दोन शहरांमध्ये नवीन लाइन करायचीय तर चाकांचीच करा, ३०० ते ३५० ची, जुन्या स्टेशनात शिरणारी, मधल्या गावांना फाटे देणारी. आणि ती भरून वाहायला लागली, गाडीत गाडी घालायला जागा उरली नाही, तर मग मॅग्लेव्ह करा, मन भरून करा. पहिली लाइन म्हणून मॅग्लेव्ह करणं मला पटत नाही, हे मी ती डोळ्यांत पाणी आणून बघितल्यानंतर म्हणतेय.

त्यानंतर बरंच घडलं. शांघायची गाडी २०२१ पासून ३०० नेच धावते, आमच्या फेरीसारखी ४३१ ची फेरी राहिली नाही. जपानमध्ये शिझुओका प्रांतातल्या जेमतेम ११ किमीच्या तुकड्यावर काम अडलं, बोगद्यामुळे ओई नदीचं पाणी कमी होईल अशी भीती, आणि त्या प्रांतात मॅग्लेव्हचं एकही स्टेशन नाही, म्हणजे पाणी त्यांचं आणि गाडी दुसऱ्यांची, त्यांचा राग मी समजू शकते. मार्च २०२४ मध्ये लाइन बांधणाऱ्या कंपनीने सांगून टाकलं की ठरल्याप्रमाणे २०२७ ला ती सुरू होणार नाही, लवकरात लवकर २०३४. खर्च ५.५ लाख कोटी येनवरून २०२१ मध्येच ७ लाख कोटींवर गेला होता. आणि इकडे चीनने डिसेंबर २०२४ मध्ये सीआर-४५० ही चाकांची गाडी बाहेर काढली, रोज ४०० ने धावायला. बातमी मी मामाला फोनवर वाचून दाखवली तर म्हणाला ४०० ला अक्षर कसं येतंय ते बघायला पाहिजे.

वही आता माझ्याकडे आहे. एका पानावर ४३१, ३५०, २८५, प्रत्येकापुढे त्याची एकेक ओळ. त्याखाली त्याने त्सुरूच्या गच्चीवरून आल्यावर बसमध्ये ५०० लिहिलं आणि पुढे काही लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, बघून नाही लिहायचं, बसून लिहायचं, जागा सोडलीय.